खोल समुद्रांतला कुपा आणि हातांतली काठी

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, गळ टाकून मासा धरण्याची हौस आपल्या देशांत फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इसवी सन ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नांवाचा जो संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यांत राजांच्या करमणुकींमध्यें मत्स्यविनोदालाहि जागा दिली आहे. काठी, दोर, गळ आणि आमिष यांचें वर्णन त्यांत येतें. आज मला बोलावयाचें आहे तें याच विनोदाच्या एका दांडग्या प्रकाराविषयीं. किनाऱ्यापासून शेंकडों किलोमीटर दूर जाऊन, कांहीं दिवस नौकेवर राहून, मोठा कुपा धरावयाचा असेल, तर हातांत काठी कोणती असावी, हा तो प्रश्न. कुपा म्हणजे ज्याला इंग्रज लोक टूना म्हणतात तो मासा.

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. नवशिका हौशी माणूस दुकानांत जातो तो एक समज मनांत धरून जातो. मासा मोठा, तेव्हां काठी लांब पाहिजे, जाड पाहिजे, आणि तिच्यावरचा अंक जितका मोठा तितकी ती चांगली. हा समज चुकीचा आहे, आणि खोल समुद्रांत तो महागांत पडतो. काठी माशाच्या वजनाकडे पाहून घेऊं नये. रिळाच्या ब्रेकवर ताण किती ठेवावयाचा आहे, आणि तो ताण आपलें शरीर किती वेळ सोसूं शकेल, हें पाहून घ्यावी. एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. तें कसें, हें आतां क्रमाक्रमानें पाहूं.

प्रथम हा मासा कोठें भेटतो याचा विचार करूं. मुंबई बंदराच्या पलीकडच्या तीरावर उरण आहे. भाऊच्या धक्क्यावरून लाँचेनें मोऱ्यास उतरावें, किंवा जानेवारी २०२४ मध्यें खुल्या झालेल्या अटल सेतूवरून मोटारीनें जावें. उरणचें कारंजा हें कोळी बांधवांचें मोठें मासेमारी बंदर. तेथल्या नौका बोंबील, मांदेली, कोळंबी, पापलेट, सुरमई असा माल आणतात. लहान जातीचा कुपा, ज्याला आपण गेदर म्हणतों, तोहि बाजारांत दिसतो. पण शंभर किलोंच्या घरांतला पिवळ्या परांचा कुपा कारंज्यासमोरच्या गढूळ, उथळ पाण्यांत शोधण्यांत अर्थ नाहीं.

याचें कारण समुद्राच्या तळांत आहे. मुंबईसमोर भूखंडाचा पाण्याखालचा मंच फार रुंद आहे. सुमारें तीनशें किलोमीटरपर्यंत तो हळूहळू उतरत जातो. १९७४ सालीं जेथें तेल सांपडलें आणि जेथून समुद्राच्या तळावरील नळांनीं तेल व वायु उरणच्या कारखान्यांत येतात, तें मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारें एकशें साठ किलोमीटर दूर आहे. तरी तेथेंहि पाणी अवघें पंचाहत्तर मीटरांच्या आसपास खोल आहे. मंचाची कड त्याच्याहि पलीकडे. तेथें तळ एकाएकीं खोल जातो, पाणी निळें होतें, आणि मोठ्या कुप्याचें राज्य सुरू होतें. १९४६ सालीं मुंबईस खोल समुद्रांतील मासेमारीचें केंद्र म्हणून जी सरकारी संस्था निघाली, तीच आजची भारतीय मत्स्य सर्वेक्षण संस्था. तिच्या 'मत्स्यवृष्टि'सारख्या जहाजांनीं कुप्याचा शोध घेतला तो अशाच खोल पाण्यांत, मैलोगणती लांब दोरांना शेंकडों गळ लावून.

आतां हिशेब करा. नौका ताशीं पंधरा किलोमीटर चालली, तर नुसतें त्या कडेपर्यंत पोंचण्यास वीस तास लागतील. म्हणजे ही सहल एका दिवसाची होऊंच शकत नाहीं. तेथें काठी मोडली तर दुकान नाहीं. पाठींत उसण भरली तर डॉक्टर नाहीं. आणि परत यावयाचें म्हटलें तरी एक दिवस जातो. म्हणून काठीची निवड घरीं असतांना, शांत डोक्यानें करावयाची.

मासा कसा आहे हेंहि समजलें पाहिजे. पिवळ्या परांचा कुपा दोन मीटर लांबीपर्यंत वाढतो. त्याचे स्नायु भोंवतालच्या पाण्यापेक्षां उष्ण राहतात, त्यामुळें ते जोरानें व दीर्घकाळ काम देतात. श्वासोच्छ्वासासाठीं त्याला सतत पोहावेंच लागतें. थांबणें त्याला ठाऊकच नाहीं. १९३९ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा-मत्स्य संघटनेच्या नोंदींत या जातीचा जो एक फार मोठा मासा आहे, तो २०१२ सालीं मेक्सिकोच्या काबो सान लुकासजवळ धरला गेला, वजन १९३.६८ किलो. त्याच किनाऱ्यावरील समुद्रांत, अमेरिकेच्या सान दिएगो बंदरांतून आठ-दहा दिवसांपासून पंधरा-सोळा दिवसांपर्यंतच्या सहली निघतात, आणि जड काठीविषयींचें बरेंचसें अनुभवाचें ज्ञान तेथेंच जमलें आहे. आपला अरबी समुद्र निराळा असला तरी मासा तोच आणि माणसाची पाठहि तीच. म्हणून तें ज्ञान आपल्याला उपयोगी आहे.

मूळ प्रश्न असा कीं, काठी हवीच कशाला? आपले कोळी बांधव नुसत्या हातदोरीनें मोठाले मासे काढतात. दोर जाड घ्यावयाचा, टोकाला गरी बांधावयाची, आणि मासा लागला कीं हातांनींच सोडीत-ओढीत त्याला दमवावयाचें. ही रीत उत्तम आहे. पण तिला दोर जाड लागतो आणि हात अनुभवी लागतो. काठी तीन कामें करते. एक, ती कमानीसारखी वांकते आणि माशानें दिलेला हिसका गिळते, म्हणून बारीक दोर तुटत नाहीं. दुसरें, ती तरफ आहे. तिच्या योगानें दोर वर उचलतां येतो. तिसरें, ती दोर नौकेच्या तळापासून व पंख्यापासून दूर ठेवते. यांपैकीं पहिलें आणि तिसरें काम लांब, लवचिक काठी चांगलें करते. दुसरें काम, म्हणजे उचलण्याचें, आंखूड व ताठ काठी चांगलें करते. काठीची निवड म्हणजे या तीन कामांचा मेळ घालणें होय.

तरफेचें तत्त्व शाळेंत सर्वांनीं शिकलेलें असतें. टेकूपासून भार जितका दूर, तितका आपल्याला जोर अधिक लावावा लागतो. पहारीनें दगड उलथतांना लांब टोंक आपल्या हातीं असतें, म्हणून तरफ आपल्या बाजूची असते. गळाच्या काठींत लांब टोंक माशाकडे असतें आणि आंखूड टोंक आपल्याकडे. म्हणजे ही तरफ मासा आपल्याविरुद्ध चालवीत असतो! काठी जितकी लांब, तितका माशाचा फायदा.

लक्षद्वीपांतल्या मिनिकॉय बेटावरचे मच्छीमार पिढ्यान् पिढ्या बांबूच्या काठीनें कुपा धरीत आले आहेत. त्या काठीला रीळ नसतें; दोर काठीएवढाच, गळाला कांटा नसतो. जिवंत बारीक मासळी पाण्यांत फेंकून, पाण्याचे तुषार उडवून कुप्याचा थवा नौकेजवळ आणतात, आणि मासा लागतांच एका झटक्यांत तो डोक्यावरून मागें टाकतात. पण तो कुपा लहान जातीचा, थोड्या किलोंचा असतो. म्हणून लांब काठी तेथें शोभते. सान दिएगोचे धंदेवाईक मच्छीमारहि जाळ्यांचा काळ येण्यापूर्वीं बांबूच्या काठीनेंच कुपा धरीत. त्यांना मोठा मासा लागे तेव्हां ते काय करीत? काठी लांब करीत नसत. एकाच गळाला दोन काठ्या बांधीत आणि दोन माणसें एकदम उचलीत. मासा त्याहून मोठा असला तर तीन काठ्या आणि तीन माणसें. मर्यादा काठीची नसून माणसाची आहे, हें त्यांना कामावर असतांनाच कळलें होतें.

मग एकट्या माणसानें शंभर किलोंचा मासा कसा आणावयाचा? याचें उत्तर रिळांत आहे. १८९८ सालीं कॅलिफोर्नियाच्या सांता कातालिना बेटाजवळ चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यानें काठीवर १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारें ८३ किलोंचा, निळ्या परांचा कुपा धरला. त्या झुंजीला पावणेचार तास लागले. त्याच वर्षीं त्यानें तेथें टूना क्लबाची स्थापना केली. त्या वेळच्या रिळाला आजच्यासारखा ब्रेक नव्हता. मासा पळाला कीं मूठ उलटी गरगरे आणि बोटें फोडी. दोर आंवरावयाचा तो अंगठ्याखालीं चामडें दाबून. पुढें १९१३ च्या सुमारास मुठीला न फिरवतां दोर सोडणारा, हवा तेवढा घट्ट करतां येणारा ब्रेक निघाला, आणि सगळें गणितच बदललें.

तें गणित असें. ब्रेक पंधरा किलोंवर लावला, तर दोरावर पंधरा किलोंचा ताण आला कीं रीळ आपोआप दोर सोडूं लागतें. मग मासा पन्नास किलोंचा असो कीं दीडशें किलोंचा, काठीवर पंधरा किलोंहून फारसा अधिक ताण येऊंच शकत नाहीं. शिवाय माशाचें वजन आपण उचलीतच नसतों. पाण्यांत त्याचें वजन जवळजवळ नाहींसें झालेलें असतें. आपण झुंजतों तें त्याच्या पोहण्याच्या जोराशीं. मासा मोठा असला म्हणजे तो दोर अधिक नेतो आणि वेळ अधिक घेतो. म्हणून माशाच्या वजनावरून रिळावर दोर किती असावा हें ठरवावें. काठी मात्र ब्रेकच्या ताणावरून ठरवावी.

ब्रेक किती लावावा, याचा सर्वमान्य नियम म्हणजे दोर ज्या ताणाला तुटतो त्याचा चौथा किंवा फार तर तिसरा हिस्सा. दोरांच्या ठरीव इयत्ता आहेत: ३०, ५०, ८० व १३० पौंड, किलोंत सांगावयाचें तर १५, २४, ३७ व ६०. मोठ्या कुप्याला साधारणपणें शेवटच्या दोन इयत्तांचा दोर वापरतात. ६० किलोंच्या दोराचा चौथा हिस्सा पंधरा किलो, तिसरा वीस किलो. ३७ किलोंच्या दोराचा चौथा हिस्सा नऊ किलोंहून थोडा अधिक, तिसरा बारा. काठीवर '८० ते १३०' असे जे अंक छापलेले असतात, ते याच दोराच्या इयत्ता होत. माशाचें वजन नव्हे. निरनिराळ्या कारखान्यांच्या अंकांत मेळ असतोच असें नाहीं. म्हणून अंकावर सर्वस्वीं विसंबूं नये.

आतां लांबीचा हिशेब. काठीचा बुंधा कमरपट्ट्याच्या खोबणींत टेकवून आपण उभे आहों असें समजा. पुढची मूठ बुंध्यापासून साठ सेंटिमीटरांवर आहे. ब्रेकचा ताण पंधरा किलो. सात फुटी काठी वांकल्यावर तिच्या शेंड्यापासून सुटणारा दोर बुंध्यापासून सरळ मापानें दीड मीटर दूर राहिला, तर मुठीवर साडेसदतीस किलोंचा जोर धरून ठेवावा लागतो. साडेपांच फुटी काठीनें तेंच अंतर एक मीटर दहा सेंटिमीटर झालें, तर जोर साडेसत्तावीस किलो लागतो. दोर तोच, मासा तोच. पण हातावरचा आणि पाठीवरचा भार दहा किलोंनीं कमी झाला. पांच मिनिटांत हा फरक जाणवत नाहीं. दीड तासांत मात्र त्याच फरकानें एक माणूस उभा राहतो आणि दुसरा बसतो.

सान दिएगोच्या नौकांवर याहून सोयीची एक युक्ति करतात. काठीची पुढची मूठ नौकेच्या कठड्यावर टेकवितात, म्हणजे टेकू कमरेऐवजीं कठडा होतो. कठड्याच्या बाहेर नव्वद सेंटिमीटर आणि आंत साठ सेंटिमीटर असें मानलें, तर पंधरा किलोंच्या ताणाला बुंध्यावर साडेबावीस किलोंनीं खालीं दाबावें लागतें. दाबण्यास आपलें स्वतःचें वजन उपयोगी पडतें. पाठीनें उचलण्याचें कारण उरत नाहीं. सारा भार, म्हणजे साडेसदतीस किलो, कठडा सोसतो. या पद्धतीसाठीं काठी आंखूड, पुढची मूठ लांब व जाड रबरी फेंसाची, आणि कठडा मजबूत व कमरेएवढा उंच असावा लागतो. म्हणून ज्या नौकेनें जावयाचें तिचा कठडा आधीं जाऊन पाहावा, मोजावा. एक गोष्ट मात्र ध्यानांत असावी. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणें झुंज चालूं असतांना काठी कठड्यावर टेकविली, तर तो मासा विक्रमाच्या नोंदीस पात्र राहत नाहीं. त्याच नियमांनीं रिळाच्या मध्यापासून शेंड्यापर्यंत काठी निदान १०१.६ सेंटिमीटर असावी लागते, आणि मागचा बुंधा ६८.५८ सेंटिमीटरांहून अधिक चालत नाहीं. ज्याला विक्रम करावयाचा नाहीं, त्यानें कठड्याची मदत बेलाशक घ्यावी.

मग लांब काठी निरुपयोगी समजावी काय? तसें नाहीं. जिवंत आमिष दूर टाकावयाचें असेल, किंवा मासा नौकेच्या तळाखालीं घुसूं पाहत असेल, तर सात फुटी काठीचा उपयोग होतो. म्हणून दूरच्या सहलीला दोन काठ्या न्याव्या: एक सात फुटी, मध्यम जोराची, आमिष फेंकण्यासाठीं व लहान माशांसाठीं, दुसरी साडेपांच ते सहा फुटी, भारी, मोठ्या कुप्यासाठीं. एकच घेण्याची ऐपत असेल तर सहा फुटांची घ्यावी.

लांबी ठरल्यावर काठीची कमान पाहावी. दुकानांत काठी हवेंत हलवून पाहण्यापासून कांहींच कळत नाहीं. त्याऐवजीं घरगुती कसोटी घ्यावी. एका बादलींत पंधरा लिटर पाणी घ्या. त्याचें वजन पंधरा किलो. मजबूत दोर काठीच्या सर्व कड्यांतून ओंवून बुंध्याशीं पक्का बांधा, दुसरें टोंक बादलीच्या कडीला बांधा, आणि बुंधा कमरपट्ट्यांत टेकवून बादली जमिनीपासून वीतभर उचला. शेजारीं कोणी तरी उभें असूं द्या, आणि काठी सरळ आभाळाकडे उभी करूं नका. आतां पाहा. वरचा तिसरा हिस्सा चांगला वांकला पाहिजे, मधला थोडा, आणि मुठीजवळचा हिस्सा जवळजवळ सरळ राहिला पाहिजे. बांक थेट मुठींत उतरला, तर काठी दुबळी आहे; ती मासा उचलणार नाहीं, नुसती लोंबत राहील. शेंडाहि वांकला नाहीं, तर काठी त्या ब्रेकला फार ताठ आहे. प्रत्येक हिसका गळावर आणि आपल्या कमरेवर येईल. बादली तशीच दोन मिनिटें धरून ठेवा. बहुतेकांना येथेंच उमजतें कीं पंधरा किलो ही थोडी गोष्ट नव्हे. ज्याला ती दोन मिनिटें धरवत नाहीं, त्यानें १३० पौंडांच्या दोराचा हट्ट सोडावा; ८० पौंडांचा दोर, दहा किलोंचा ब्रेक आणि त्याला जुळणारी काठी घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं. झेपेल तोच ताण अखंड ठेवणारा माणूस, न झेपणारा ताण मधून मधून सोडणाऱ्यापेक्षां लवकर मासा आणतो.

आतां काठी कशाची असावी याविषयीं. या बाबतींत आपल्या देशाचा इतिहास अभिमानास्पद आहे. एकोणिसाव्या शतकांत विलायतेंतले व अमेरिकेंतले कारागीर बांबूच्या चिरफळ्या एकत्र चिकटवून ज्या उंची काठ्या बनवीत, त्यांचा बांबू कलकत्ता बंदरांतून जाई. म्हणून त्याला 'कलकत्ता केन' असेंच नांव पडलें. पुढें चीनच्या टोंकिन बांबूनें त्याची जागा घेतली. समुद्रावरच्या जड काठ्या हिकरीसारख्या चिवट लांकडाच्याहि होत. १९४० नंतरच्या दशकांत काचतंतूच्या काठ्या आल्या आणि १९७० नंतरच्या दशकांत कार्बनच्या तंतूंच्या.

काचतंतूची काठी जड असते, पण चिवट असते. ती खूप वांकते, धक्के सोसते आणि नौकेवरच्या आदळआपटीला दाद देत नाहीं. कार्बनची काठी हलकी व ताठ असते, तिची उचलण्याची शक्ति मोठी. पण तिला कठड्यावर किंवा लोखंडावर आपटून बारीकशी चीर पडली, तर ती चीर दिसत नाहीं आणि ऐन भरांत काठी कडाडून मोडते. काठी फार उभी धरून सगळा बांक शेंड्यावर आणला, तरीहि तीच गत. म्हणून मोठ्या कुप्यासाठीं दोन्ही तंतूंचा मेळ घातलेली, आंत कार्बन आणि बाहेर काचतंतु अशी काठी सर्वांत भरवशाची ठरली आहे. सावधगिरीनें काठी हाताळण्याची संवय नसलेल्यानें शुद्ध कार्बनच्या मागें लागूं नये.

काठीचे बारकावेहि पारखून घ्यावे. कड्यांतून दोर धांवतो तेव्हां घर्षणानें उष्णता होते. म्हणून कड्यांचें अस्तर गुळगुळीत व कठीण असावें. कापूस फिरवून पाहावा. धागा अडकला तर तेथें दोरहि कापला जाईल. शेंड्याला कडीऐवजीं लहान चाक असलेल्या काठ्या मिळतात. त्यांनीं घर्षण कमी होतें, पण चाक खाऱ्या पाण्यानें अडकलें, कीं बारीक विणीचा दोर त्याच्या फटींत शिरून कापला जातो. रोज तेलपाणी करणार असाल तरच चाक घ्यावें. रिळाची बैठक धातूची, भक्कम, दोन कड्यांनीं आंवळणारी असावी, आणि रिळाचे कान पट्ट्यानें काठीला जखडतां यावे. बुंध्याच्या टोकाला क्रॉसाच्या आकाराच्या खांचा असतात. त्या कमरपट्ट्याच्या खिळींत नीट बसतात कीं नाहीं हें पट्टा सोबत नेऊन पाहावें, नाहीं तर काठी हातांत फिरत राहील. बांकदार बुंध्याची काठी खुर्चींत बसून झुंजण्यासाठीं असते. उभ्यानें झुंजणाऱ्यानें ती घेऊं नये.

शेवटीं, काठी आपल्या अंगाला बसली पाहिजे. पट्टा बांधून, रीळ लावून उभे राहा. रिळाची मूठ पोटासमोर, कोंपर वांकलेल्या स्थितींत आली पाहिजे. बुंधा लांब असला तर रीळ दूर जातें आणि खांदे पुढें ओढले जातात. तोच पाठीचा शत्रु. बुटक्या माणसानें आंखूड बुंधा घ्यावा. रीळ दोन वेगांचें असावें, म्हणजे मासा खालीं गोल घिरट्या घालूं लागला कीं हलक्या वेगावर थोडा थोडा दोर गुंडाळतां येतो. मासा जवळ येत असेल तेव्हां दोर घ्यावा, दूर जात असेल तेव्हां नुसतें धरून ठेवावें.

येथें धोक्याची सूचना देणें माझें कर्तव्य आहे. पाठीवरचा भार कमी करण्यासाठीं कित्येक जण रीळ पट्ट्यांनीं स्वतःच्या अंगाला अडकवितात. सोय चांगली आहे. पण रिळांत दोराचा गुंता होऊन तें अडकलें, तर मासा आणि माणूस यांच्यामध्यें ब्रेक उरत नाहीं आणि माणूस पाण्यांत ओढला जाऊं शकतो. म्हणून पट्ट्याचे आंकडे एका हिसक्यांत सुटणारे असावे, अंगांत तरंगणारें जाकीट असावें, मागें एक माणूस उभा असावा आणि धारदार सुरी हाताशीं असावी. दोर कापण्याची वेळ आली तर तो कापावा.

झुंज अकारण लांबविणें माशाच्या दृष्टीनेंहि वाईट. दीर्घकाळ तडफडलेल्या कुप्याचें अंग तापतें, मांसांत आम्ल वाढतें, त्याचा रंग फिका पडतो आणि चव जाते. शिवाय थकलेल्या माशावर शार्क तुटून पडतात. दोर तोडून गेलेला मासा गळ आणि दोर घेऊन फिरतो तें वेगळेंच. योग्य काठीनें मासा लवकर आला, लगेच रक्त काढून बर्फांत ठेवला, तर दूरच्या सहलीचें सार्थक होतें.

निघण्यापूर्वीं नियमांची माहिती करून घ्यावी. पावसाळ्यांत यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मुंबई हायच्या तेलाच्या मनोऱ्यांभोंवतीं मासळी जमते, म्हणून मोह होतो. पण मनोऱ्यापासून पांचशें मीटरांच्या आंत जाण्यास मनाई आहे. आणि नौकेवर तांडेलाचा शब्द अखेरचा. तो परत फिरूं म्हणाला कीं फिरावें.

परत आल्यावर काठी गोड्या पाण्यानें धुवावी, कड्या व रिळाची बैठक पुसून कोरडी करावी, आणि काठी भिंतीला टेकवून न ठेवतां आडवी ठेवावी. ज्यांना टॅक्सींतून आणि लाँचेंतून काठी न्यावयाची आहे, त्यांनीं बुंधा सुटा होणारी काठी पाहावी. तिचा वरचा भाग मात्र एकसंध असावा.

तेव्हां, श्रोतेहो, दुकानांत गेल्यावर काठी केवढ्या माशाला पुरेल, हें दुकानदाराला विचारीत बसूं नका. आपण दोर कोणता वापरणार, ब्रेक किती लावणार आणि तो ताण आपल्याला किती वेळ झेपेल, हें आधीं घरीं बादली उचलून ठरवा. तेवढें ठरलें, कीं काठी निवडण्यास फार वेळ लागत नाहीं.